कल्पना मोकळी सोडायची तर आधी टॅप सुधारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: निन्टेंडो डीएस या हातात धरायच्या, दोन स्क्रीनच्या कन्सोलवरचा 'स्क्रिबलनॉट्स' तुम्ही अलीकडे खेळलात. मनात येईल ती वस्तू लिहून समोर उभी करता येते याने थक्क झालात, आणि तलवार उचलायला जावं तर गेमचा नायक मॅक्सवेल सरळ खड्ड्यात चालत जातो याने वैतागलात. आता तुम्ही स्वतः टच-स्क्रीनच्या छोट्या कन्सोलसाठी असाच मोकळा कोडी-गेम बांधताय. एवढं स्वातंत्र्य द्यायचं म्हटलं की कंट्रोल ढिसाळ होणारच का? आणि वेळ कमी असेल तर आधी शब्द वाढवावेत की कंट्रोल सुधारावेत?

नाही, ढिसाळ कंट्रोल ही स्वातंत्र्याची किंमत नव्हे. मी बरीच वर्षं छोट्या कन्सोलच्या आणि फोनच्या गेममध्ये इनपुटचंच काम करतोय, आणि माझं मत वर्षागणिक पक्कं होत गेलंय: कोड्याला जितकी जास्त उत्तरं, तितके कंट्रोल काटेकोर लागतात. ढिसाळ कंट्रोल हाताला त्रास देऊन थांबत नाहीत, खेळणाऱ्याला सुचणाऱ्या कल्पनाच ते कमी करतात. हे कसं, ते याच गेमवरून सांगतो, कारण मोकळीक आणि अडचण अशी शेजारी-शेजारी दाखवणारा दुसरा गेम मला माहीत नाही.

२००९ साली आलेला हा गेम फिफ्थ सेल या अमेरिकन स्टुडिओने बनवला. क्रिएटिव्ह डायरेक्टर जेरेमाया स्लॅच्का. याच स्टुडिओने आधी 'ड्रॉन टू लाइफ'मध्ये खेळणाऱ्याला आपला नायक स्वतः रेखाटायला लावला होता, म्हणजे मोकळीक देण्याची हौस त्यांना जुनीच. इथे त्यांनी २२ हजारांहून जास्त शब्द भरले. प्रत्येक शब्दाचं वागणं सुटं न लिहिता वस्तू गटांत बसवल्या आणि गटाचे गुण त्या वस्तूला दिले: वजन किती, तरंगते का, जळते का, कोणाला घाबरते, काय खाते. त्यामुळे झाडाच्या शेंड्यावर अडकलेला स्टाराइट (लेव्हल जिंकायला मिळवायचा तारा) काढायला शिडी लावा, कुऱ्हाडीने झाड पाडा किंवा पंख लावून उडा, सगळं चालतं. यातलं प्रत्येक उत्तर कोणी आधी मोजून ठेवलेलं नाही. त्या वर्षीच्या ई-थ्री या गेमच्या प्रदर्शनात हा गेम गाजला तो यामुळेच, आणि ते कौतुक योग्य होतं. डीएसच्या चार मेगाबाइट मेमरीत एवढं जग मावलं ही आजही दाद देण्याजोगी कारागिरी आहे.

आता कंट्रोल. मॅक्सवेलला चालवायचं स्टायलसने, म्हणजे स्क्रीनवर टेकवायच्या छोट्या काडीने. वस्तू उचलायची, ओढायची, जोडायची, वापरायची, मारायचं, तेही स्टायलसनेच. डी-पॅड (डावीकडचं चार दिशांचं बटण) आणि उजवीकडची बटणं मात्र कॅमेऱ्याला, म्हणजे जगाचा कोणता भाग दिसतो ते सरकवायला दिलेली. आणि तो कॅमेरा सोडला की थोड्या वेळाने आपणहून मॅक्सवेलकडे परत येतो. तुम्ही लांबच्या टोकाला दोरी बांधत असता, स्क्रीन सरकते, तुमचा टॅप आता रिकाम्या जागेवर पडतो, गेम समजतो 'इकडे चल' आणि मॅक्सवेल निघतो. तुमचा खड्डा बहुधा असाच घडला असणार.

हे इतकं का खुपतं, त्याचं मूळ कोड्याच्या जातीत आहे. 'प्रोफेसर लेटन' या गेममधल्यासारख्या बंद कोड्यात उत्तर एकच असतं. चुकलं तर तुमचा विचार चुकला, दुसरा संशयित नाही. मोकळ्या कोड्यात अपयशाला तीन कारणं असू शकतात. कल्पनाच मुळात चुकीची होती, किंवा कल्पना ठीक होती पण ती वस्तू तुम्हाला वाटते तशी गेमला वाटत नाही, किंवा दोन्ही ठीक होतं आणि हात चुकला. पहिली दोन कारणं म्हणजेच खेळ. तुमची दोरी किती वजन पेलते, अस्वलाला मध दिला तर काय होतं, हे चाचपून शिकण्यात सगळी मजा आहे. तिसऱ्या कारणाचा संशय सतत डोक्यावर राहिला की पहिल्या दोन्हींचा निकाल लागतच नाही. दोरी तुटली म्हणून उत्तर फसलं, की गाठ भलत्या ठिकाणी बसली म्हणून? कळत नाही. न कळलेल्या अपयशातून माणूस शिकत नाही, फक्त कंटाळतो.

आणि मग तो शहाणा होतो, चुकीच्या दिशेने. गेम आला तेव्हा अनेकांनी तक्रार केली होती की २२ हजार शब्द असूनही आपण शेवटी तेच पाच-सात वापरतो: पंख, दोरी, हेलिकॉप्टर. याचं नेहमीचं स्पष्टीकरण असं की हे शब्द फार ताकदवान होते, ते कमी ताकदीचे करायला हवे होते. मला ते अर्धंच पटतं. पंख लोकप्रिय होतात कारण त्यांना हाताळणी जवळजवळ लागत नाही. लिहा, चढवा, उडा. गणित करून पाहा. समजा, शंभरातले ९५ टॅप तुम्हाला हवे तसे लागतात, जे ऐकायला चांगलंच वाटतं. पंखांच्या उत्तराला दोन नाजूक टॅप लागत असतील तर ते नव्वद टक्के वेळा पार पडेल. फळी, फ्रीज आणि दोरी जोडून पूल करायचा म्हटलं, आठ नाजूक टॅप लागले, तर तेच उत्तर ६६ टक्क्यांवर येतं. म्हणजे कल्पना शंभर टक्के बरोबर असूनही तीनातला एक प्रयत्न हातामुळे वाया. वीस टॅपची एखादी अफलातून रचना असेल तर ३६ टक्के. खेळणारा हे आकडे मांडत नाही, पण तासाभरात त्याच्या बोटांना ते कळतात, आणि तो कमी टॅपची उत्तरं शोधू लागतो. शब्दकोश तेवढाच राहतो, वापर आटतो.

यात आणखी क्रूर गोष्ट म्हणजे गेमची स्वतःची इच्छा नेमकी उलट होती. एकदा सोडवलेली लेव्हल पुन्हा सलग तीनदा सोडवायची, प्रत्येक वेळी नवे शब्द वापरून, अशी एक अवघड पद्धत त्यात आहे. कल्पना सुरेख आहे. पंख पहिल्या फेरीतच संपतात आणि मग डोकं खरंच चालवावं लागतं. पण तिसऱ्या फेरीत, जिथे उत्तर सर्वांत नवं आणि हाताळायला सर्वांत किचकट असतं, तिथेच टॅप दगा देतो.

'मग स्टायलसच वाईट' असा निष्कर्ष मात्र काढू नका. त्याच यंत्रावर २००७ मध्ये 'द लेजंड ऑफ झेल्डा: फँटम आवरग्लास' आला. त्यातही नायक संपूर्ण स्टायलसवर चालतो आणि ते बऱ्यापैकी जमून गेलंय. फरक जगाच्या बांधणीत आहे. तिथे कॅमेरा वरून बघतो, जमीन सपाट आहे, चुकून दोन पावलं बाजूला गेलात तर फारसं काही बिघडत नाही. 'स्क्रिबलनॉट्स' बाजूने दिसतो, गुरुत्वाकर्षण चालू आहे, खाली पाणी, लाव्हा, शार्क. तिथे दोन पावलं म्हणजे मृत्यू. टॅपची चूक तेवढीच, शिक्षा वेगळी. दुसरं उदाहरण २००५ चा 'कर्बी: कॅनव्हस कर्स'. त्यात कर्बीला थेट चालवताच येत नाही, तुम्ही त्याच्यासाठी रेषा काढता आणि तो त्यावरून घरंगळतो. स्टायलसला जे नैसर्गिक, म्हणजे रेघ मारणं, तेच त्यांनी मुख्य काम केलं. आणि शब्दांच्याच खेळात मोकळीक हवी असेल तर २०१९ चा 'बाबा इज यू' बघा. नियमांचे शब्द ढकलून तुम्ही जगाचे कायदे बदलता, यापेक्षा मोठं स्वातंत्र्य कोणतं? आणि कंट्रोल काय, तर चार दिशा, थांबणं आणि मागे घेणं. एक दाब, एक घर. तिथे हातावर संशय घ्यायला जागाच नाही, म्हणून विचार वाटेल तितका वेडा होऊ शकतो.

फिफ्थ सेलला हे कळलं नव्हतं असंही नाही. पुढच्याच वर्षी, २०१० मध्ये, 'सुपर स्क्रिबलनॉट्स' आला आणि त्यात मॅक्सवेलला डी-पॅडने चालवण्याचा पर्याय दिला. सोबत विशेषणंही आली, 'मोठा', 'घाबरट', 'उडणारा' असं काहीही वस्तूला लावता येऊ लागलं. म्हणजे स्वातंत्र्य वाढलं आणि कंट्रोलही सुधारले, एकाच वेळी. दोघांत वैर असल्याचा समज तिथेच खोटा ठरतो.

पुढे जाण्याआधी एक भेद मनात पक्का करा, कारण टेस्टिंगच्या वेळी इथेच गोंधळ होतो. जगाचा वेंधळेपणा वेगळा आणि आज्ञेचा वेगळा. दोरीला टांगलेली पेटी झोके घेते, शिडी कलंडते, हत्ती फळी मोडतो, हे सगळं खेळाच्या बाजूचं आहे. त्यातूनच हसू येतं आणि नवी कल्पनाही. ते गुळगुळीत करायला जाऊ नका. आज्ञेचा वेंधळेपणा म्हणजे तुम्ही 'उचल' म्हणालात आणि गेमने 'चल' ऐकलं. 'क्वॉप' किंवा 'ऑक्टोडॅड'सारखे गेम शरीर सांभाळणं हेच कोडं करतात आणि छान करतात, पण तिथे दुसरं काही सोडवायचं नसतं. तुमच्याकडे सोडवायला भरपूर आहे.

आता टॅप जवळून पाहू. डीएसची खालची स्क्रीन तीन इंचांची, २५६ बाय १९२ पिक्सेलची. म्हणजे एका मिलिमीटरमध्ये साधारण चार पिक्सेल. जमिनीवर पडलेली तलवार जाडीला सहा पिक्सेल असेल तर तुमचं लक्ष्य दीड मिलिमीटरचं आहे, आणि स्टायलसचं टोक जवळपास तेवढंच. लक्ष्य लहान आणि लांब असेल तर तिथे अचूक पोचायला वेळ जास्त लागतो, हे पॉल फिट्स यांनी १९५४ मध्येच मोजून मांडलं होतं. ॲक्शनच्या लेव्हलमध्ये तो वेळच नसतो. त्यात ही स्क्रीन दाबावर चालणारी. दोन पातळ थर एकमेकांना टेकतात तिथे नोंद होते, आणि एका वेळी एकच बिंदू कळतो. स्टायलस उचलताना दाब उतरत जातो तेव्हा शेवटची एखाद-दुसरी नोंद भलतीकडे सरकते. तुमचं यंत्र दाबावर चालणारं असेल तर उचलण्याआधीच्या त्या नोंदी सरळ फेकून द्या, त्यांच्या आधीची धरा. हे दहा ओळींचं काम आहे आणि 'मी बरोबर ठिकाणी दाबलं होतं' या तक्रारी त्याने लक्षणीय कमी होतात. बोटाने चालणाऱ्या स्क्रीनवर अडचण वेगळी असते. तिथे बोट लक्ष्य झाकतं आणि लोक सहसा थोडं खाली दाबतात.

यानंतरचा प्रश्न खरा महत्त्वाचा: टॅप तलवारीपासून चार पिक्सेल दूर पडला तर काय करायचं? बहुतेक कोड असं लिहिलेलं असतं की आधी वस्तूला लागला का बघा, नाही लागला तर जमीन समजा आणि चालवा. म्हणजे संशयाचा फायदा चालण्याला. माझा नियम उलटा आहे. शंका असेल तेव्हा ज्या कृतीने नुकसान कमी आणि जी सहज मागे घेता येते, ती करावी. चुकून तलवार उचलली तर खाली ठेवता येते. चुकून खड्ड्यात गेलं तर लेव्हल गेली. म्हणून हातात घेता येणाऱ्या प्रत्येक वस्तूभोवती दिसणाऱ्या आकारापेक्षा मोठं अदृश्य क्षेत्र द्या, डीएससारख्या स्क्रीनवर चारही बाजूंना सहा ते आठ पिक्सेल. दोन क्षेत्रं एकमेकांवर आली तर ज्या वस्तूचा मध्य टॅपच्या जवळ ती निवडा. पण खेळणाऱ्याने नुकतीच बनवलेली किंवा हाताळलेली वस्तू असेल तर तिला झुकतं माप द्या. तो तिच्याच मागे असतो, दहापैकी नऊ वेळा.

चालणं तर मी शक्य असेल तिथे टॅपवरून काढूनच टाकतो. तुमच्या यंत्राला डी-पॅड असेल, तर चालणं तिथे द्या आणि स्टायलस फक्त वस्तूंसाठी ठेवा. एका हाताला एक काम मिळालं की निम्मे वाद मिटतात. इथे एक आडवी अडचण येते, तिचा मान ठेवा. डी-पॅड डावीकडे असतो, म्हणून डाव्या हाताने स्टायलस धरणाऱ्याला तो वापरता येत नाही. उजवीकडच्या चार बटणांना तीच चार दिशांची कामं द्या, म्हणजे दोघांची सोय होते. मग कॅमेरा? तो खांद्याची, म्हणजे कन्सोलच्या वरच्या कडेची बटणं दाबून धरल्यावर स्टायलसने ओढू द्या, आणि खेळणाऱ्याने जिथे नेला तिथेच राहू द्या. खेळणारा चालू लागला की मगच नायकाकडे परत आणा. वेळ मोजून परत आणू नका. माणूस लांबच्या टोकाकडे बघत विचार करत असतो आणि विचाराला किती वेळ लागेल हे घड्याळाला कळत नाही.

डी-पॅड नसेल आणि टॅपवरच चालवावं लागत असेल, तर कड्यावरून खाली उतरायला एक टॅप पुरू देऊ नका. नायक कडेला येऊन थांबला पाहिजे. पुन्हा त्याच दिशेला टॅप केला तर उडी. एवढ्या एका थांब्याने गेमचा स्वभाव बदलतो, लोक निर्धास्त होतात.

स्टायलस टेकताच काय होणार आहे ते दाखवा, आणि प्रत्यक्ष कृती उचलताना करा. टेकल्यावर तलवारीची कडा उजळली तर 'उचल' कळलं, जमिनीवर पावलाची खूण उमटली तर 'चल' कळलं. नको असेल तर तसंच बाहेर सरकवून सोडता आलं पाहिजे. काही प्रोग्रामर म्हणतात याने गेम मंद वाटतो. मारण्याच्या आज्ञेला ते खरंही आहे, ती टेकल्याक्षणीच चालवा. दोरी बांधण्याला घाई नसते.

मागे घेण्याची सोय भौतिकी (वजन, गुरुत्वाकर्षण, धक्के) असलेल्या गेममध्ये परवडत नाही, हा गैरसमज मी फार वेळा ऐकलाय. प्रत्येक फ्रेम, म्हणजे स्क्रीनवर क्षणाक्षणाला उमटणारं प्रत्येक चित्र, साठवायची गरज नाही, प्रत्येक आज्ञेआधीची एक स्थिती पुरते. पन्नास वस्तू, प्रत्येकीची जागा, कोन, वेग आणि काही खुणा मिळून २४ बाइट धरा. एक स्थिती १,२०० बाइटची झाली. शेवटच्या वीस आज्ञा ठेवल्या तरी २४,००० बाइट. डीएसवरही हे सहज मावतं, आजच्या यंत्रांचं तर विचारूच नका. काळजी घ्यायची ती जोडण्यांची आणि नाहीशा झालेल्या वस्तूंची. कोणती दोरी कशाला बांधली होती, कोणाला कोणी खाल्लं, हेही त्याच नोंदीत गेलं पाहिजे, नाहीतर मागे आल्यावर दोरी हवेत लोंबकळताना दिसते. मागे घेता येतं म्हटल्यावर वीस टॅपची रचना करायला माणूस धजावतो. वर मांडलेलं ३६ टक्क्यांचं गणितच त्याने निकालात निघतं, कारण चुकलेला टॅप आता सगळा प्रयत्न बुडवत नाही, फक्त एक टॅप परत करायला लावतो.

हे सगळं जमलंय का, हे तपासायला टेस्टरला उत्तर सांगून खेळवा. 'दोरी लिही, एक टोक हुकाला बांध, दुसरं पेटीला, आणि पेटी वर ओढ.' शेजारी बसून फक्त बघा. उत्तर माहीत असूनही तो अडखळला तर दोष कंट्रोलचा, शंका नको. उत्तर सांगितल्यावर झटकन जमलं पण एरवी जमत नव्हतं, तर कोडं कठीण आहे आणि कंट्रोल ठीक आहेत. डोकं आणि हात असे वेगळे तपासले नाहीत तर टेस्टर तुम्हाला फक्त 'अवघड आहे' एवढंच सांगेल आणि तुम्ही उगाच लेव्हल सोप्या करत बसाल. दुसरी नोंद ठेवायची ती वापरलेल्या शब्दांची. कंट्रोलच्या प्रत्येक मोठ्या बदलाआधी आणि नंतर त्याच लेव्हलवर लोकांनी किती वेगवेगळे शब्द लिहिले ते मोजा. सुधारणा खरी असेल तर शब्दकोशात एकही भर न घालता हा आकडा वाढतो. मला स्वतःला गेमच्या कामात याहून आनंद देणारा आकडा दुसरा नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं: शब्द नंतर. आत्ता फक्त सहा वस्तू घ्या. दोरी, फळी, दगड, शिडी, फुगा आणि एखादा प्राणी. बांधणं, आडवं ठेवणं, टाकणं, चढणं, उचलून नेणं आणि स्वतः हलणारं काहीतरी, अशा हाताळणीच्या सहा तऱ्हा यात येतात. पुढे येणारे बहुतेक शब्द यांच्यापैकी एकीसारखेच वागतील. एकच लेव्हल बांधा, तिच्यात या सहांची सगळी जोडणी विनातक्रार होईपर्यंत सातवी वस्तू घेऊ नका. प्राणी सर्वांत शेवटी घ्या, कारण तो टॅप नोंदवला जाईपर्यंत जागा सोडतो. त्याच्यासाठी टॅपची तुलना त्याच्या आत्ताच्या जागेशी करू नका, एक-दोन फ्रेम मागे तो खेळणाऱ्याला जिथे दिसत होता त्या जागेशी करा.